एक लाख सोन्यात सर्वात भारी फौज कोणती? (हिरोज ३, गणपतीतला सामना)

पडाव

मंडळी, गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि आमच्या घरच्या ग्रुपवर मखरापेक्षा जास्त चर्चा एका जुन्या खेळाची चालू आहे. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३. खेळ १९९९ चा, डावपेचांचा: प्रत्येक खेळाडूचा हिरो म्हणजे सरदार, आणि टाऊनमधून विकत घेतलेली युनिट (सैनिक, प्राणी) ही त्याची फौज. प्रत्येक टाऊनच्या युनिटच्या सात लेव्हल, सातवी सर्वात भारी. आमच्या गुहागरच्या घरात तो २००३ च्या मे महिन्यात आला, मुंबईच्या दादाने आणलेल्या सीडीतून. तेव्हापासून गणपतीत आम्ही चार भावंडं जमलो की हॉटसीट खेळतो. एकच कॉम्प्युटर, आळीपाळीने डाव. ज्याची पाळी नसेल त्याने पडवीत जाऊन बसायचं, कारण पडद्यावर नजर गेली तर दुसऱ्याचं सगळं कळतं. पूर्वी मध्येच लाईट गेली की ऑटोसेव्हवर भिस्त असायची, आणि लाईट येईपर्यंत अंधारात भांडणं.

यंदा दादाला दोनच दिवस रजा आहे, पूर्ण मॅप काही होणार नाही. म्हणून मी मॅप एडिटरमध्ये छोटा मॅप तयार करतोय. दोन हिरो समोरासमोर, दोघांचे गुण सारखे, स्पेलबुक कुणालाच नाही, म्हणजे स्पेल (मंत्र) बंद. प्रत्येकाला एक लाख सोन्याची फौज, कुठल्याही टाऊनमधली. जागा नेहमीप्रमाणे सात. हिरे, गंधक, पारा मोजायचा नाही, फक्त सोनं.

भाचा नववीत आहे, तो म्हणतो आर्चएंजल (कॅसल टाऊनचे सातव्या लेव्हलचे देवदूत) घे आणि निवांत बस. मला तसं वाटत नाही. सातव्या लेव्हलच्या युनिटचा दरारा आहे खरा, पण तेवढ्या पैशात खालच्या लेव्हलचं केवढं सैन्य येतं! तुम्ही काय घ्याल, आणि का?

कोकम

आर्चएंजल. अटॅक ३०, डिफेन्स ३०, हेल्थ २५०, स्पीड १८. लढाईत एकदा मेलेला स्टॅकही (एका जागेतली एकाच युनिटची तुकडी) उठवून देतो. भाच्याला माझा पाठिंबा.

फणसगरा

ब्लॅक ड्रॅगन, डंजन टाऊनची सातवी लेव्हल. आर्चएंजल ५००० ला, ड्रॅगन ४००० ला. हेल्थ ३००. एक लाखात २५ येतात.

आम्ही राजापूरला खेळायचो तेव्हा माझी एकच चाल असायची. फौजेत नुसते ब्लॅक ड्रॅगन ठेवायचे आणि आर्मागेडन टाकायचं. सगळं मैदान जळायचं, माझ्या ड्रॅगनना धग नाही, कारण त्यांना कुठलाच स्पेल लागत नाही. थोरल्या भावाने त्यावरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

पडाव

फणसगरा काका, स्पेल बंद आहेत हो. आणि ड्रॅगनना कुठलाच स्पेल लागत नाही म्हणजे आपला हेस्टही (वेग वाढवणारा स्पेल) लागत नाही, ही दुसरी बाजू.

फणसगरा

त्यांना हेस्ट कशाला लागतो? स्पीड १५ आहे. तरी मत बदलत नाही. ड्रॅगन.

उधाण

मी आज दुपारी हिशेब केला, सगळा मांडतो. कंटाळा आला तर शेवटची ओळ वाचा.

आधी नियम. मारणाऱ्याचा अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा जास्त असेल तर दर पॉइंटला ५ टक्के मार वाढतो. कमी असेल तर दर पॉइंटला अडीच टक्के घटतो. वाढ ३०० टक्क्यांना थांबते, घट ७० टक्क्यांना. दोन्ही हिरोंचे अटॅक-डिफेन्स सारखे ठेवले की फरक तेवढाच राहतो, म्हणून हिरो हिशेबातून बाहेर.

एक लाखात आर्चएंजल २०. क्रुसेडर (कॅसलचाच चौथ्या लेव्हलचा तलवारवाला) ४०० ला एक, म्हणजे २५०. एकूण हेल्थ: आर्चएंजलची ५०००, क्रुसेडरची (३५ प्रत्येकी) ८७५०. इथेच डोळे उघडले.

आता लढाई. आर्चएंजल आधी येणार. २० गुणिले ५० म्हणजे १०००. अटॅक ३०, समोर डिफेन्स १२, फरक १८, वाढ ९० टक्के. १९०० चा मार, ५४ क्रुसेडर पडले. उरलेल्या १९६ जणांचा उलटा वार: सरासरी साडेआठ, त्यातून ४५ टक्के वजा, ९१६. तीन आर्चएंजल गेले, चौथा अर्धमेला. मग क्रुसेडरची स्वतःची पाळी, आणि ते एका पाळीत दोनदा मारतात. पहिली फेरी संपते तेव्हा आर्चएंजल १० आणि क्रुसेडर १६० च्या आसपास. पुढचं लिहीत नाही. क्रुसेडर शंभराहून जास्त शिल्लक ठेवून जिंकतात.

ब्लॅक ड्रॅगनविरुद्धही हाच प्रकार. काका, माफ करा.

शेवटची ओळ: सोनं मोजणार असाल तर सातवी लेव्हल महाग पडते.

पडाव

उधाण, तुम्ही तर माझ्या मनातलं कागदावर उतरवून दिलंत. भाच्याला पाठवलं. तो म्हणतो, 'मामा, आकड्यांनी लढाई होत नाही.'

करवंद

भाचा बरोबर बोलतोय. उधाण, तुमचं गणित चोख आहे, पण त्यात दोन स्टॅक छातीला छाती लावून उभे आहेत. मैदान १५ घरांचं आहे. कोण आधी पोचतं यावर सगळं फिरतं.

तुमच्याच पद्धतीने दाखवते. ग्रँड एल्फ, रॅम्पार्ट टाऊनचे तिरंदाज, २२५ ला एक, एक लाखात ४४४. सरासरी मार ४ आणि दोनदा बाण सोडतात, म्हणजे कागदावर ३५०० च्या वर. क्रुसेडरच्या खालोखाल वाटतात. समोर काकांचे २५ ब्लॅक ड्रॅगन ठेवा. ड्रॅगनचं स्पीड १५, एल्फचं ७. ड्रॅगन पहिल्याच पाळीत मैदान ओलांडून येऊन चिकटतो. अटॅक २५ विरुद्ध डिफेन्स ५, मार दुप्पट, १५० एल्फ पहिल्या फटक्यात गेले. आणि आता शत्रू अंगाला भिडल्यावर धनुष्य चालत नाही. दोनदा बाण नाही, हातघाईत मारही अर्धा. उरलेल्या २९४ एल्फचा उलटा वार ३५० च्या आसपास, म्हणजे एक ड्रॅगन मेला. एकच.

तेव्हा पडाव, 'सर्वात भारी युनिट' असं काही नसतं. समोर कोण आहे ते आधी सांग.

फणसगरा

करवंद, जिवाला बरं वाटलं हो.

सुरंगी

मी वेंगुर्ल्याची. एक महत्त्वाची गोष्ट राहिलीय. मॅपवर जमीन कुठली ठेवली आहे? एडिटरमध्ये गवत पटकन हाताशी येतं म्हणून सगळे गवत पसरतात. पण गवत ही कॅसल आणि रॅम्पार्टची मायभूमी आहे. आपल्या जमिनीवर लढणाऱ्या युनिटला अटॅक, डिफेन्स आणि स्पीड तिन्हींत एकेक पॉइंट फुकट मिळतो. उधाणचे क्रुसेडर गवतावर आणखी भारी होतील आणि ते अन्यायाचं होईल.

नेक्रोपोलिसची माती, टॉवरचा बर्फ, इन्फर्नोचा लाव्हा, डंजनचं भुयार, स्ट्राँगहोल्डची खडकाळ जमीन, फोर्ट्रेसची दलदल. वाळू मात्र कुणाचीच नाही. लढाई वाळूवर ठेव.

दुसरं मोराल, म्हणजे फौजेचं मनोबल. वेगवेगळ्या टाऊनची माणसं एका फौजेत घेतली की मोराल उतरतं, आणि त्यात नेक्रोपोलिसचे मुडदे असले तर आणखी एक पॉइंट जातो. सगळं सैन्य एकाच टाऊनचं असेल तर एक वाढतं. सात वेगळ्या टाऊनमधलं सात भारी आणलं तर ऐन वेळी युनिट जागेवर गोठून उभं राहतं.

पडाव

सुरंगीताई, गवतच टाकलं होतं! आता वाळू. आणि गुहागरच्या माणसाने सामना पुळणीवर ठेवायचा हे सुचायला मला वेंगुर्ल्याहून सांगावं लागलं.

तिरफळ

मी मालवणचो. तुमी सगळे आर्चएंजल, ड्रॅगन करतास, पण फोर्ट्रेसचा नाव कोणी घेऊक नाय, ह्या बघून वायट वाटला. आमच्या घराफुडे खाजन आसा, कांदळवन आसा. हो टाऊन पयल्यांदा बघितलंय तेवा माका वाटला, ह्यो आमचोच गाव. दलदल, सरडे, माशयो, सगळा आसा.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. मॅपवर दलदलीतून जायला इतरांना साध्या जमिनीपेक्षा पाऊणपट जास्त चाल लागते. फोर्ट्रेसच्या युनिटना तो त्रास नाही. आमच्याकडे कुणी दलदलीचा मॅप काढला की आधी फोर्ट्रेस कोण घेणार यावरच वाद.

आणि माझं युनिट माइटी गॉर्गन. अटॅक ११, हेल्थ ७०, स्पीड ६, बघायला बैल. पण त्याची नजर मारते. दर गॉर्गनमागे १० टक्के शक्यता की समोरच्या स्टॅकमधला एक जीव पडेल, मग त्याची हेल्थ कितीही असो. दहा गॉर्गनमागे जास्तीत जास्त एक. पाईकमनसारख्या पहिल्या लेव्हलच्या युनिटवर ती नजर वाया घालवू नका. ती आर्चएंजलसाठी ठेवा.

कोकम

तिरफळ दादा, हे मला माहीतच नव्हतं. मी गॉर्गन नेहमी गेटवर पहाऱ्याला ठेवत आलो.

वाशिष्ठीकाठ

व्हॅम्पायर लॉर्ड. एक लाखात २०० येतात (५०० ला एक). समोरासमोरच्या हिशेबात क्रुसेडर त्यांना हरवतील, उधाणने आकडे काढायच्या आधीच कबूल करतो. पण पूर्ण मॅप खेळताना माझ्यासाठी त्याच्याइतकं मोलाचं दुसरं युनिट नाही. तो मारतो तेव्हा समोरचा उलटून मारत नाही, आणि जेवढं रक्त पितो तेवढे आपले मेलेले परत उठतात. जंगली टोळ्या साफ करत फिरलात तरी महिनाअखेर स्टॅक जिथल्या तिथे. फक्त मुडदे, गोलेम, गार्गॉइल, एलिमेंटल यांच्यापुढे जपायचं, त्यांच्यात प्यायला काही नाही.

आमचा जुना कॉम्प्युटर २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गेला. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढताना तो उचलला, तेव्हा आठवलं की बाबा आणि मी मिळून खेळलेला एक मोठा मॅप त्यात अर्ध्यावर होता. बाबांकडे नेक्रोपोलिस होतं. त्यांचे ४१ व्हॅम्पायर लॉर्ड होते, आकडा अजून लक्षात आहे. बाबा आता नाहीत. नव्या मशीनवर खेळ टाकला, पण तो मॅप पुन्हा सुरू केलेला नाही.

सुरंगी

वाशिष्ठीकाठ, तो मॅप सुरू करा. व्हॅम्पायरपासूनच सुरुवात करा.

उधाण

वाशिष्ठीकाठ यांचं वाचून थांबलो होतो. आता परत हिशेबाकडे, कारण काल रात्री एक भलतंच सापडलं. पडाव, तुझा नियम मोडीत निघतो.

पेझंट. साधा शेतकरी. किंमत १० सोनं, हेल्थ १, मार १, अटॅक १, स्पीड ३. एक लाखात किती? १० हजार.

हसू येईल, पण करून बघा. २० आर्चएंजल पहिला वार करतात, फरक २९ पॉइंटचा, वाढ १४५ टक्के, २४५० शेतकरी मेले. उरले ७५५०. उलटा वार, घट ७० टक्क्यांना थांबते, म्हणजे २२६५ चा मार. नऊ आर्चएंजल आडवे. मग शेतकऱ्यांची स्वतःची पाळी, पुन्हा तेवढाच मार. पहिल्या फेरीअखेर दोन आर्चएंजल उभे, समोर सात हजारांच्या वर शेतकरी.

तीनदा तपासलं. दर वेळी शेतकरीच जिंकले.

कोकम

जय किसान!!

करवंद

म्हणजे आर्चएंजलने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उडत राहायचं. स्पीड १८ विरुद्ध ३. ते पोचणारच नाहीत.

उधाण

बरोबर, पण उडत राहिलं तर मारणार कधी? मारायला खाली उतरलं की उलटा वार आलाच. मात्र सात जागा आहेत हे विसरलो होतो. सहा जागांत एकेक स्वस्त युनिट ठेवून उलटा वार आधी त्यांच्यावर घ्यायचा आणि मग आर्चएंजलने मारायचं, ही जुनी युक्ती इथे लागू पडेल. एका फेरीत समोरचा उलटून एकदाच मारतो. तेवढं केलं तर निकाल बदलू शकतो.

फणसगरा

मला यातून वेगळाच मुद्दा दिसतो, थोडं लांबण लागेल.

आमची हापूसची कलमं आहेत. मुंबईचा गिऱ्हाईक मार्चमध्ये फोन करतो, पेटीला वाटेल तो भाव देतो, पन्नास पेट्या पाठवा. मी म्हणतो, भाव कितीही द्या, कलमाला लागलेत तेवढेच आंबे मिळणार. पैसा त्याच्याकडे आहे, आंबा माझ्याकडे नाही.

खेळ अगदी तसाच आहे. खऱ्या मॅपवर २५० क्रुसेडर कोण देतो तुम्हाला? क्रुसेडर ज्याला अपग्रेड करून मिळतो त्या स्वॉर्डसमनची आठवड्याची वाढ, म्हणजे विकत घ्यायला मिळणारे नवे, ४. सिटाडेल बांधलं तर ६, कॅसल (त्या नावाचं टाऊन नव्हे, टाऊनमधली तटबंदीची इमारत) बांधलं तर ८. म्हणजे २५० क्रुसेडर जमवायला एका टाऊनला आठ महिने लागतील (खेळातला महिना चार आठवड्यांचा). दुसऱ्या आठवड्यानंतर सोनं हाताशी असतं, दारात युनिट नसतं. मग आठवड्याला मिळणारे ते दोन एंजल, तेच तुमचं सगळं बळ. किंमत विचारूच नका, दारात आहेत तेवढे उचला.

म्हणून पडाव, सोन्यावर मोजलंस तिथे चुकलास असं माझं मत. आठवड्यांवर मोज.

सुरंगी

काका, हे फार पटलं. सातव्या लेव्हलची किंमत जास्त का, ते आज समजलं.

पडाव

मलाही. रात्री भावंडांशी बोललो. नियम बदलला: प्रत्येकाने एक टाऊन निवडायचं आणि त्या टाऊनची चार आठवड्यांची वाढ घ्यायची, कॅसल बांधलेला धरून, सगळी युनिट अपग्रेड केलेली. वाढ वाढवणाऱ्या जास्तीच्या इमारती धरायच्या नाहीत.

कॅसल टाऊन घेतलं तर ११२ हॅल्बर्डियर, ७२ मार्क्समन, ५६ रॉयल ग्रिफिन, ३२ क्रुसेडर, २४ झीलट, १६ चॅम्पियन, ८ आर्चएंजल. फोर्ट्रेस घेतलं तर ९६ नोल, ७२ लिझार्ड वॉरियर, ६४ ड्रॅगन फ्लाय, ३२ बॅसिलिस्क, २४ माइटी गॉर्गन, १६ वायव्हर्न मोनार्क, ८ केऑस हायड्रा. आता मोरालचा प्रश्नही मिटला. पेझंटला सुट्टी.

तिरफळ

२४ गॉर्गन! एका फटक्यात तीन आर्चएंजल जाऊ शकतत. आठातले तीन. माका पुरे.

गलबत

मी अलिबागचा, जरा उशिरा आलो. करवंद यांनी कोण आधी पोचतं म्हटलं ते वाचून राहवलं नाही.

आमच्या समोरच्या पाण्यात १६७९ साली खांदेरी बेटासाठी मराठे आणि इंग्रज लढले. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. युनिटचे आकडे लावले तर ती सातवी लेव्हल. पण त्यांना वारा लागायचा आणि खोल पाणी लागायचं. मराठ्यांची लहान गलबतं वल्ह्यांवर चालायची, उथळ पाण्यात शिरायची, वारा पडला तरी हलायची. रात्री बेटावर माणसं आणि सामान पोचवून परत यायची, आणि मोठी जहाजं बघत राहायची. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढे आंग्र्यांच्या आरमारातही मोठ्या गुराबेबरोबर लहान गलबतं असत, आणि वारा नसला की गलबतंच गुराबेला ओढून नेत.

खेळात याचं अगदी थेट रूप आहे, आणि नवीन खेळणारे तिथेच फसतात. हिरो दिवसाला किती चालणार हे त्याच्या फौजेतल्या सर्वात मंद युनिटवर ठरतं. आठ आर्चएंजल घेऊन निघालात आणि सोबत एक मंद युनिट असेल, तर अख्खी फौज त्याच्या चालीने चालते. मुख्य हिरोसाठी मी युनिट निवडतो तेव्हा अटॅक नंतर बघतो, आधी स्पीड.

चाकरमानी

गलबत, त्याचीच पुढची पायरी सांगतो. चाल दिवसाच्या सुरुवातीला ठरते. म्हणून दिवस संपायच्या आधी मंद युनिट दुसऱ्या हिरोकडे देऊन टाकायची. सकाळी मुख्य हिरो हलका उठतो, चाल पूर्ण मिळते, मग मंद युनिट परत घ्यायची. आणि तीन-चार हिरो रस्त्यावर ओळीने उभे करून फौज एकाकडून दुसऱ्याकडे दिली, तर एका दिवसात ती मॅपच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. आम्ही याला साखळी म्हणतो. मी लहानपणी गावाला विसर्जनाच्या आदल्या रात्री चुलत भावावर ही साखळी वापरली. त्याला वाटलं माझी फौज पाच दिवसांच्या अंतरावर आहे. मी संध्याकाळी त्याच्या दारात.

यात सगळ्यात मोलाचं युनिट कोण? तो २५०० सोन्याचा, लेव्हल एकचा, बिनकामाचा वाटणारा दुसरा हिरो.

कोकम

थोडं विषयांतर. समुद्राचं बोलताय म्हणून: हॉर्न ऑफ द अबिस हे चाहत्यांनी केलेलं विस्तार-पॅक कुणी खेळलंय का? त्यात कोव्ह नावाचं चाच्यांचं टाऊन आहे. पायरेटचा कोर्सेअर होतो आणि कोर्सेअरचा आणखी वर सी डॉग होतो. सातव्या लेव्हलला समुद्री सर्प.

गलबत

खेळलोय. एवढ्या निगुतीने केलंय की मूळ खेळाचाच भाग वाटतो. पडाव, फक्त एक ध्यानात ठेव: २०१५ ची एचडी आवृत्ती घेतलीस तर त्यात मूळ खेळच आहे, आर्मागेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ हे दोन्ही विस्तार नाहीत. जुनी पूर्ण आवृत्ती असेल तीच वापर.

सुरंगी

विषयांतर चाललंच आहे तर माझंही. ज्यांच्याकडे हा खेळ नाही त्यांनी बॅटल फॉर वेस्नॉथ बघा, फुकट आहे, २००३ पासून लोक मिळून घडवतायत, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. त्यात युनिट निवडताना जागा आणि वेळ दोन्ही बघावं लागतं. जलमानव उथळ पाण्यात ६० टक्के वार चुकवतो, जमिनीवर आणला की निम्म्यावर येतो. माणसांचे सरदार दिवसा पाव हिस्सा जास्त मारतात, रात्री तेवढंच कमी. मुडदे आणि ओर्क यांचं उलटं. वर्गातल्या मुलांना मी हाच खेळ दाखवला, टक्केवारी आपोआप शिकली.

पडाव

काल गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, आता सविस्तर लिहितो. सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलं, तर निकाल कळायलाच हवा.

दोन सामने झाले. पहिला दादा विरुद्ध मी. दादाने डंजन घेतलं, मी रॅम्पार्ट. करवंद, तुमचं ग्रँड एल्फचं गणित डोळ्यांपुढे होतं, म्हणून एल्फ कोपऱ्यात ठेवून त्यांच्याभोवती डेंड्रॉइड (चालती झाडं) आणि सेंटॉर उभे केले, चिकटायला घरच ठेवलं नाही. ब्लॅक ड्रॅगनला पहिल्या पाळीत डेंड्रॉइडवर उतरावं लागलं. डेंड्रॉइडच्या मुळांनी त्याला जखडलं, हलता येईना, आणि एल्फनी तीन फेऱ्या मोकळे बाण सोडले. मी जिंकलो, पण ड्रॅगन पडेपर्यंत माझे सगळे पेगासस गेले होते.

दुसरा सामना ताई विरुद्ध भाचा. भाच्याने अर्थातच कॅसल घेतलं. ताईने हा धागा वाचला होता, कुणाला न सांगता. तिने फोर्ट्रेस घेतलं. भाच्याचे आठ आर्चएंजल पहिल्याच पाळीत उडाले आणि हायड्रावर उतरले, कारण त्याला वाटलं सर्वात मोठा धोका तोच. हायड्रा दोन पडल्या. मग ताईने तिरफळांचे २४ गॉर्गन शांतपणे पुढे आणले. पहिल्या फटक्यात दोन आर्चएंजल नजरेने गेले. दुसऱ्या फेरीत तीन. भाचा खुर्चीवरून उठून उभा राहिला. मार्क्समन आणि झीलटनी ताईचं बरंच नुकसान केलं, ड्रॅगन फ्लाय तर सगळ्या संपल्या, पण शेवटी वाळूवर सात गॉर्गन आणि चार हायड्रा उभ्या होत्या.

आई पडवीतून विचारत होती, बैल जिंकले की देवदूत?

फणसगरा काका, आठवड्यांवर मोजायचा तुमचा नियम सगळ्यांना आवडला. पुढच्या वर्षी सहा आठवडे. भाचा म्हणतोय तेव्हा फोर्ट्रेस तो घेणार.

उधाण

डेंड्रॉइडच्या मुळांचा हिशेब मी धरलाच नव्हता. आज रात्री बसतो.

वाशिष्ठीकाठ

सुरंगी, काल रात्री सुरू केला तो मॅप. बाबांचंच नेक्रोपोलिस घेतलं. पहिल्या आठवड्यात व्हॅम्पायरची इमारत उभी राहिली, आता चार व्हॅम्पायर आहेत.

तिरफळ

वाशिष्ठीकाठ, बरां केलात. पडाव, ताईक सांग, मालवणाक येशात तेवा सोलकढी माझ्याकडे.